चिकू भोपळा खात नाही

त्या सरड्यानं भोपळ्याची एक फोड खाल्ली असती, तर चौघांचा फायदा होणार होता.

पहिला माझ्या पुतणीचा, चंदनाचा. तिला हवा तो नवरा मिळणार होता. दुसरा त्या नवऱ्याचा. त्याला चंदना मिळणार होती आणि सरडाही सोडावा लागणार नव्हता. तिसरा माझ्या थोरल्या, विधुर दिरांचा, म्हणजे चंदनाच्या वडिलांचा. अण्णांनी पाच वर्षांत सतरा स्थळं पाहिली होती आणि सतरा वेळा बिनकांद्याच्या पोह्यांना "वा" म्हणून घेतलं होतं. त्यांना आता सुटका हवी होती. चौथा फायदा माझा. चंदना सासरी गेली की वरची पूर्वेच्या खिडकीची खोली रिकामी होणार होती. माझे यजमान गेल्यापासून मी स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत झोपत होते. कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पोरीचं भलं व्हावं एवढंच. पण कुणी विचारलं नाही, म्हणून खरं सांगते.

या चौघांशिवाय पाचवं माणूस होतं आक्का. अण्णांची थोरली बहीण, वय अडुसष्ट, जैन व्रती बाई. दिवसातनं एकदाच जेवायच्या, तेही अकराच्या आत. जयसिंगपुरात आमच्या गल्लीत लग्नं जमायची ती आक्कांनी मान हलवल्यावर, आणि मोडायची तीही तशीच. त्यांचा फायदा मला कुठं दिसला नाही, म्हणून त्यांना मी मोजलंच नाही.

रविवारी मुलाकडची मंडळी आली. मुलगा श्रेणिक नरदे, निपाणीचा, पुण्यात नोकरीला. बघण्याचा कार्यक्रम नावाला होता. चंदना पुण्यात शिकत असतानाच दोघांचं ठरलं होतं, हे चंदनानं मला सांगितलं होतं आणि अण्णांना मी. आक्कांना कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणजे त्यांना ते ठाऊक होतं.

"छंद वगैरे काय?" अण्णांनी अठराव्यांदा तोच प्रश्न विचारला.

"मी एक प्राणी पाळलाय," श्रेणिक म्हणाला. त्याच्या आईनं डोळे मिटून घेतले. निपाणीपासून इथपर्यंत तिनं त्याला हे बोलू नको म्हणून बजावलं असणार.

"कुत्रं?"

"नाही. सरडा."

अण्णांनी पोह्याचा घास तसाच धरला. "कुंपणावरचा?"

"ऑस्ट्रेलियातला. म्हणजे मूळचा तिकडचा, जन्म पुण्यातला. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. गळ्याखाली दाढीसारखं असतं. नाव चिकू."

कोपऱ्यात बसलेल्या आक्का पुढं सरकल्या. "काय खातंय ते?"

"मोठे झाले की भाजीपालाच जास्त खातात, आजी. ऐंशी टक्के."

"आणि उरलेले वीस?"

चंदना ट्रे धरून दारात उभी होती. तो पोरगा सहज काहीतरी ठोकून देऊ शकला असता. फळं म्हणाला असता, धान्य म्हणाला असता.

"किडे," तो म्हणाला.

"मुलगा खोटं बोलत नाही, हे चांगलं झालं," आक्का म्हणाल्या. "पण ज्या घरात जीव विकत आणून जिवाला चारायचे, त्या घरात आमची पोरगी पाणी गाळून काय करणार? सोडून द्या की त्याला."

"सोडला तर मरेल. त्याला दिवसभर दिव्याची ऊब लागते."

आक्कांनी थोडा विचार केला. त्यांचा थोडा विचार म्हणजे आमच्या घरात निकाल. "कुठं आहे?"

"गाडीत," श्रेणिकची आई रडवेल्या आवाजात म्हणाली. "कुठंही गेला की संगं घेऊनच जातोय."

"मग इथंच ठेवा. पुढच्या रविवारी या. आठ दिवसांत नुसत्या भाजीवर राहिला तर लग्न. नाहीतर सरडा तुमचा, पोरगी आमची."

अशी ती काचेची पेटी आमच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, आली.

चिकू हातभर लांब होता, निम्मी शेपूट. रंग खरंच चिकूच्या सालीचा. दिव्याखालच्या लाकडावर तोंड वर करून बसायचा, देणगी देऊन बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, पहिल्या रांगेत बसलेल्या माणसासारखा. श्रेणिकनं जाताना काय काय चालतं त्याची यादी लिहून दिली होती. आक्कांनी चष्मा लावून ती वाचायला घेतली आणि पेन मागितलं.

"मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला. चातुर्मास चालू आहे. पालेभाजीत बारीक जीव असतात, दिवाळीपर्यंत घरात यायची नाही." तीन रेघा. "गाजर, रताळं. कंदमुळं." आणखी दोन.

"आक्का, तो जैन नाही हो," मी म्हटलं.

"घर आहे ना."

यादीत उरलं ते एवढं: लाल भोपळा, ढबू मिरची, बीन्स, आणि जास्वंदाचं फूल. मला काळजी वाटली नाही. मी तेव्हा बावीस वर्षं या घरचा स्वयंपाक करत होते. कांदा, लसूण, बटाटा काही नसताना मी पाहुण्यांना बोटं चाटायला लावली होती. दोडका पानाच्या कडेला सारणाऱ्या अण्णांना मी तोच दोडका चटणी करून घातला होता आणि त्यांनी दोनदा मागितला होता. एका सरड्याची काय कथा?

सोमवारी सकाळी भोपळा किसून बशीत ठेवला. चिकूनं बशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग एक पुढचा पाय उचलून हवेत सावकाश हलवला, पंगतीत पोट भरलेला माणूस पानावर आडवा हात धरतो, अगदी तसा.

"नको म्हणतोय की हा," अण्णा म्हणाले.

"अजून वाढलंय कुठं?"

दुपारी ढबूचे तुकडे केले, लाल, पिवळे. बशी त्याच्या तोंडाशी नेली. तो बशीवर चढला, पलीकडं उतरला आणि ढबूवर शेपूट टाकून झोपला. चंदनानं श्रेणिकला फोन लावला. तो कामासाठी चेन्नईला गेला होता, शनिवारपर्यंत अडकला होता.

"काकी, तो म्हणतोय तुकडे बारीक करा. हलते करा."

"भोपळा हलता कसा करू गं? त्याला पाय लावू?"

"चिमट्यात धरून नाचवायचं म्हणे."

मी पंचेचाळीस वर्षांची बाई, पापड भाजायच्या चिमट्यात बीन्सचा तुकडा धरून पाऊण तास एका सरड्यासमोर नाचवत बसले. तो बघत होता. मान इकडं, मान तिकडं. एकदा तर जीभही बाहेर काढली, बीन्सला लावली आणि आत घेतली. पुढं काही नाही. मग गळा फुगवून दाढी काळी केली.

"रागावलाय," चंदना म्हणाली.

"तो रागावलाय? तो?"

मंगळवारी पहाटेच जास्वंदाची चार फुलं आणली. एक पाकळी त्यानं तोंडात धरली. चंदनानं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. चिकूनं पाकळी दोनदा चघळली आणि बाहेर ढकलून दिली. मग जबडा लाकडाला पुसला. हा पुसलेला जबडा मला झोंबला. माझ्या हातचं नाकारणारी माणसं मी पाहिली होती, पण ती निदान पोट बिघडलंय म्हणायची.

अण्णांनी स्वतःचा उपाय काढला. पेटीसमोर पाट घेऊन बसले, ताटलीत शिजवलेला भोपळा घेतला आणि मोठ्यानं "आहाहा" करत खाल्ला. मागच्या दहा वर्षांत त्यांनी भोपळ्याला हात लावला नव्हता.

"बघून शिकेल," ते म्हणाले.

"तुम्ही तेवढे शिकला," मी म्हटलं. "आता शुक्रवारी परत करते."

त्याच दिवशी साडेदहाला आक्का बस्तीतून आल्या, हातपाय धुतले आणि पाटावर बसल्या. मी ताट पुढं ठेवलं. त्यांनी हात जोडले, आणि डोळे उघडून विचारलं, "त्यानं खाल्लं?"

"नाही अजून. खाईल की."

"रविवारपासनं पोटात काही नाही त्याच्या?"

"आक्का, तो आठवडाभरसुद्धा राहू शकतो. श्रेणिकच म्हणाला. त्यांची जातच तशी."

"राहू शकतो आणि ठेवायचं, यात फरक आहे, राजू." त्यांनी ताट दोन्ही हातांनी माझ्याकडं सरकवलं. "माझ्या शब्दापायी एक जीव या घरात उपाशी आहे. तो खाईपर्यंत माझं जेवण बंद. दिवसातनं एकदा पाणी घेईन. देवासमोर सांगून आले मी."

आमच्याकडं मुनी महाराजांना आहार द्यायला दारात उभी राहिलेली माणसं तो झाल्याशिवाय घास घेत नाहीत. तो रिवाज मला ठाऊक होता, मीही उभी राहिले होते. पण तो सरड्याला लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"अहो, पण तो भाजी खाणार नसेल तर?"

"म्हणून तर तू आहेस."

हा मान होता की शिक्षा, ते त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं नाही.

बुधवार माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब दिवस. मी भोपळा किसला, वाफवला, थंड केला, कोमट केला. भोपळ्याला ढबूचा रस लावला. बीन्सचे धाग्याएवढे काप केले. फुलांच्या पाकळ्या लाकडावर पसरल्या, काचेला चिकटवल्या, शेवटी त्याच्या डोक्यावर ठेवल्या. पाकळी डोक्यावर घेऊन तो दोन तास बसला, वऱ्हाडातल्या रुसलेल्या मामासारखा. संध्याकाळपर्यंत घरातली प्रत्येक फळभाजी त्याच्यापुढून परत आली होती आणि ती सगळी मला आणि अण्णांना खावी लागली होती.

आक्का बस्तीतून आल्यावर गच्चीवर उन्हाला बसायच्या, त्या दिवशी जिना चढताना दोनदा थांबल्या. मी हात द्यायला गेले.

"जा, त्याच्याकडं बघ," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला चक्कर येतेय."

"त्यालाही येत असेल."

डॉक्टरला बोलवावं तर त्या नाडी द्यायलाही तयार नव्हत्या. अण्णा दारातच माझ्यावर ओरडले, "खुळं सरडं! घाल बाहेर ते!"

"घालते. मग आक्का जेवतील?"

अण्णा दारातून मागं फिरले. नियमाची गोष्ट अशी की तो घेणाऱ्याच्याही हातात राहत नाही.

गुरुवारी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. चंदना सोप्यात फोनवर बोलत होती.

"...नाही, तू आत्ताच कुणालातरी पाठव आणि घेऊन जा त्याला. हो, कळतंय मला त्याचा अर्थ. श्रेणिक, आक्का पडली सकाळी. न्हाणीघरात. मला नको लग्न. लग्न करून मी तिच्याकडं बघू कशी?"

मी बाहेर आले. ती मला बघून वळली आणि पदराएवढ्या ओढणीत तोंड लपवलं. एवढी शिकलेली पोरगी. पाच वर्षांत सतरा जणांना नाही म्हणाली होती ती याच एकासाठी, हे मला त्या दिवशी कळलं.

"ठेव फोन," मी म्हटलं.

"काकी..."

"त्याला सांग, दुपारी बोलते. ठेव."

मी पेटीजवळ बसले. बशीत कालचा किस सुकला होता. मी चिकूला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याच वेळी खिडकीतून कुठलासा नाकतोडा आत आला, काचेवर आपटला आणि पेटीत, बशीच्या कडेवर पडला. मला दिसलं ते एवढंच: लाकडावर चिकू नव्हता, बशीपाशी होता, आणि त्याचं तोंड हलत होतं. चार दिवस दगडासारखा बसलेला प्राणी. नाकतोड्याबरोबर बशीतला थोडा किसही त्याच्या तोंडात गेला होता. दाढीला केशरी लागलं होतं.

तो त्यानं थुंकला नाही. गिळला.

मी उठले. देवघरातली फुलांची परडी घेतली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. आमच्या घरामागं एक रिकामा प्लॉट आहे, तेव्हा तिथं कमरेएवढं गवत होतं. मी आयुष्यभर मुंगी दिसली तरी पाय मागं घेतलेली बाई. पहिला हाताला लागला तेव्हा तो तळव्यात लाथा मारत होता. त्याचे पाय करवतीसारखे लागतात. मी दुसऱ्या हातानं परडीवर पदर धरला आणि पुढचा शोधला. दोन मिळाले. खिडकीतून आलेला धरून तीन.

परत आले, ताजा भोपळा किसला, ढिगाखाली दोघांना ठेवलं आणि बशी आत सरकवली. किस हलायला लागला.

"अण्णा! चंदना! या, या! आक्कांना बोलवा!"

आक्का भिंतीला धरत आल्या. चिकू ढिगात तोंड खुपसून खात होता. दाढी केशरी, तोंड केशरी.

"खाल्ला," चंदना म्हणाली आणि मटकन खाली बसली.

"भोपळा?" आक्कांनी मला विचारलं.

"बघा की डोळ्यांनी."

त्यांनी पाहिलं. चिकूकडं थोडं, माझ्याकडं जास्त. मग म्हणाल्या, "ताट वाढ."

अकरा वाजून गेले होते, म्हणून मला वाटलं ऐकणार नाहीत. पण बसल्या. मुगाची आमटी आणि दोन फुलके. पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी वाढत राहिले. तोंडावर आणलं नाही, पण मनात म्हटलं, राजमती, जिंकलीस.

शुक्रवारी सहा. शनिवारी पाच. भोपळा रोज जास्त, नाकतोडे ढिगात खोल. शनिवारी संध्याकाळी तर त्यानं नाकतोडे संपल्यावरही उरलेला किस चाटूनपुसून खाल्ला. रविवारी नरदे मंडळी आली, सगळे पेटीभोवती जमले, आणि मी नुसता भोपळा ठेवला. खाली काही नाही.

चिकूनं बशीकडं पाहिलं. पुढचा पाय उचलला. माझा जीव गेला. मग तो पाय त्यानं बशीतच ठेवला आणि खायला लागला.

श्रेणिकची आई रडली. अण्णांनी श्रेणिकला मिठी मारली, नको तेवढी घट्ट. श्रेणिक मला वाकून नमस्कार करत हळूच म्हणाला, "काकी, मला दोन वर्षांत जमलं नाही. कसं केलंत?"

"मीठमसाला," मी म्हटलं.

कार्तिकात लग्न झालं. मी वरच्या खोलीत गेले. चिकू पुण्याला गेला आणि पुढं सहा वर्षं जगला. चंदना शपथेवर सांगायची की घरात भाजीशिवाय त्याला काही देत नाहीत. श्रेणिक ऑफिसला जाताना त्याला कधीकधी बरोबर नेतो, असंही सांगायची. त्या वीस टक्क्यांचं काय होत होतं ते मी कधी विचारलं नाही. सगळ्यांना हवं ते मिळालं होतं, शेवटी तर भोपळाही खरा झाला होता. माझं खोटं फक्त तीन दिवसांचं. मी ते तिथंच बंद केलं.

लग्न ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाल्या होत्या, "राजू, माझ्या ताटातलं मीठ आजपासून बंद."

व्रती माणसं काही ना काही सोडत असतात. कुणी तूप, कुणी गोड. मला वाटलं चातुर्मासापुरतं असेल. दिवाळी गेली, पाडवा गेला, दुसरा चातुर्मास आला. मी त्यांची आमटी वेगळ्या भांड्यात करत राहिले. अण्णा एकदा चुकून त्यातली प्याले आणि म्हणाले, "ही बाई मोक्षाला जाणार, आणि आम्हाला इथं ठेवून जाणार."

नऊ वर्षं गेली. आक्का सत्याहत्तरच्या झाल्या आणि एका सकाळी बस्तीच्या पायरीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं.

"शरीरातलं सोडियम फार उतरलंय. मीठ किती खातात?"

"खात नाहीत," अण्णा म्हणाले.

"म्हणजे कमी?"

"म्हणजे नाही."

सलाइन लावलं. ते तोंडातून जात नाही म्हणून आक्कांनी लावू दिलं. चार दिवसांनी घरी आणलं. मी तांदळाची पातळ पेज केली, त्यात चिमटीभर मीठ टाकलं आणि त्यांच्यासमोर बसले. आजपर्यंत मी त्यांच्यापासून जेवणातलं काही लपवलं नाही असं मला म्हणायचं आहे, पण ते मला म्हणता येत नाही. म्हणून या वेळी सांगून टाकलं.

"आक्का, मीठ घातलंय. डॉक्टरांनी सांगितलंय. नाही म्हणू नका."

"अजून पाच आहेत."

"कसली पाच?"

"वर्षं. चौदांतली नऊ झाली."

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यांनी उशीवरची मान माझ्याकडं वळवली.

"गुरुवारी तीन. एक आपला आपण आला होता, त्याचे पंख लाकडाजवळ पडले होते, तोही धरलाय मी. शुक्रवारी सहा. शनिवारी पाच."

माझ्या हातातली वाटी मांडीवर सांडली. गरम होती. मला कळलं नाही.

"तुम्ही बघत होता?"

"गच्चीवर बसत होते ना, पडले त्या दिवशीही. तू परडी घेऊन त्या प्लॉटात वाकून वाकून फिरत होतीस. त्या प्लॉटात काँग्रेस गवताशिवाय फूल कुठलं होतं गं?" त्या हसल्या. मला तेव्हा ते हसणं सोसलं नाही.

"मग थांबवायचं होतं मला!"

"गुरुवारी थांबवणार होते. जिना उतरून आले खाली. तू हाका मारत होतीस. चंदनाचं तोंड बघितलं." त्यांनी पांघरूण वर ओढलं. "आणि मला भूक लागली होती, राजू. तिसरा दिवस होता. आमटीचा वास येत होता."

मी पदरानं मांडीवरची पेज पुसायला लागले.

"कळलं होतं, तरी जेवले," त्या म्हणाल्या. "आवडीनं जेवले. मीठ बरोबर पडलं होतं त्या दिवशी."

"पकडले मी. पाप माझं. तुम्ही का..."

"अट मी घातली, नियमही मीच घेतला. तू माझ्या पोटासाठी वाकलीस त्या गवतात. एकेकाचं एक वर्ष धरलं."

"मला सांगायचं तरी होतं!"

"सांगितलं असतं तर तू वाटणी मागितली असतीस. सात तुम्हाला, सात मला. ओळखत नाही होय मी तुला? आणि तुला जमलंही नसतं. तू आमटी ढवळताना तीनदा चाखतेस."

मी रडले, भांडले, अण्णांना बोलावीन म्हटलं. त्यांनी पेज घेतली नाही. मी उरलेली ओतली आणि दुसरी केली, अळणी. ती त्यांनी सावकाश, सगळी प्याली.

चार महिन्यांनी, माघात, त्या गेल्या. चंदना आणि श्रेणिक आले होते, दोन्ही पोरांना घेऊन. चंदना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "काकी, माझं लग्न तिच्यामुळं झालं. केवढी अट घातली होती, आठवतं? आणि शेवटी किती सहज सुटलं सगळं."

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बस्तीत गेले. देवासमोर उभी राहिले आणि सांगून आले. घरी कुणाला कारण सांगितलं नाही. अण्णांना वाटतं माझं ब्लडप्रेशर आहे. आता आमटीला फोडणी दिली की वाटीत थोडी काढते आणि सोप्यात नेऊन त्यांना विचारते, "बघा हो अण्णा, मीठ बरोबर आहे का?" ते चाखतात, आणि दर वेळी थोडं जास्त झालंय म्हणतात.

चौदांतली नऊ आक्कांनी भरली. दोन माझी येत्या माघात पुरी होतील. तीन उरलीत.